तोरणाखाली निजलेला बैल

माझा धाकटा भाऊ फौजेतून कायमचा घरी आला तेव्हा गावाने त्याला वेशीपासून ट्रॅक्टरवर बसवून आणलं. एका भोंग्यावर देशभक्तीचं गाणं, दुसऱ्यावर तेलुगू सिनेमातलं, आणि दोन्ही एकाच वेळी. आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यात. घरात मराठी, मंडल ऑफिसात तेलुगू आणि व्यापाऱ्याशी घासाघीस करायला हिंदी, अशी आमची सोय आहे. त्या दिवशी भाऊ तिन्हीतलं काहीच बोलला नाही. ताठ बसून दोन्ही बाजूंच्या छपरांकडे पाहत राहिला. बायका म्हणाल्या, काय रुबाब आहे! मलाही तसंच वाटलं. छपरावर कोणी दबा धरून बसलंय का हे तो बघत होता, ते मला फार पुढे कळलं.

मी त्याची थोरली बहीण. मला गावातच दिलेली. माहेर दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे चुलीवर दूध ठेवून माहेरी जाऊन भांडून परत आले तरी दूध उतू गेलेलं नसतं. आमचा वांगी-मिरचीचा मळा आहे आणि बाजारात मी स्वतः बसते. मला राग लवकर येतो आणि हसूही लवकर येतं. दोन्ही एकदम आलं की गिऱ्हाईक भाव न करता भाजी घेऊन जातं.

भाऊ होता सीमेवरच्या एका चौकीवर. तिथे तोफेचा गोळा पडला. ह्याची पाठ आणि पाय कामातून गेले, आणि शेजारी असलेला जोडीदार जागीच गेला. त्याबद्दल तो घरात एकदाच बोलला, तेही माय शेंगा फोडत बसली होती तेव्हा. म्हणाला, "मी हाका मारून राह्यलो होतो, माय. तो उठलाच नाई." माय शेंगा फोडतच राहिली.

उन्हाळ्यात गावात लग्न होतं. वरात मारुतीच्या पाराशी आली आणि कोणीतरी फटाक्यांची लांबलचक लड लावली. पहिल्या आवाजासरशी भावाने नवरदेवाच्या मामाला कवेत धरलं, जमिनीवर पाडलं आणि त्याच्या अंगावर पालथा पडला. मामा म्हणजे आमच्याच गावचा ढेरपोट्या माणूस, नवाकोरा सफारी घातलेला. भाऊ वरून ओरडतोय, "डोकं खाली! डोकं खाली!" आणि मामा खालून ओरडतोय, "अबे उठ, माहा जीव चालला!" मी हसता हसता खालीच बसले. मग लड संपली, भावाने मान वर केली आणि त्याचे डोळे पाहून माझं हसू पळालं. त्या डोळ्यांत लग्न कुठेच नव्हतं. मामा उठला, सफारी झटकली आणि जमलेल्यांना म्हणाला, "कोनी दात काढू नोका. खरंच बाँब पडला असता तर तुमी सारे मेले असते. मी एकटा वाचलो असतो." तेव्हापासून मी मामाला वांगी जरा जास्तच घालते.

भावाच्या औषधाच्या गोळ्या त्याच सुमारास वाढल्या. आधी त्या पाठ दुखायची म्हणून होत्या, मग झोप येत नाही म्हणून, मग दोन्ही नसलं तरी. तो त्या कुठून आणायचा ते मी लिहीत नाही, उगाच कोणाला वाट दाखवायला नको. गोळ्या घेतल्या की तो शांत व्हायचा. इतका शांत की चहा पुढ्यात गार व्हायचा, त्यावर साय धरायची आणि माशी साईवर चालत पलीकडे जायची. वेळेवर मिळाल्या नाहीत की हातपाय थरथरायचे आणि मायच्या बांगड्यांचा आवाजही त्याला सोसायचा नाही. बिचारीने बांगड्यांवर चिंध्या गुंडाळल्या. गावाला सांगायची, "हात भाजला माहा." महिनोन् महिने दोन्ही हात भाजलेली बाई गावाने पाहिली नव्हती.

मी मायला ओढत आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, ह्यावर इलाज आहे, आमच्याकडे भरतीही करतो. पण त्याने स्वतः यायला हवं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं की मला गोळ्यांची सवय लागली आहे. बांधून आणलंत तर तो भिंतीवरून उडी मारून जाईल. आणि हो, गोळ्या एकदम बंद करू नका, ते धोक्याचं असतं. मायने मान डोलवत सगळं ऐकलं आणि घरी येऊन नेमकं उलट केलं.

भावासमोर विषय काढला की तो म्हणायचा, "कसली सवय? पाठ दुखते माही." आणि माय लगेच त्याची री ओढायची, "दुखते ना त्याची पाठ." मी एकदा चिडून म्हटलं, "माय, असंच करून तू त्याले मारशीन." त्यावर माय माझ्या अंगावर आली. "मिलिटरीवाला मानूस अन् गोळ्या खाते, असं गावाले सांगू? ट्रॅक्टरवर बसवून आनला त्याले लोकायनं!" त्या ट्रॅक्टरचा मला तेव्हा फार राग आला. भाऊ त्याच्यावरून अजून उतरलाच नव्हता.

तर मायने त्याचा साठा शोधून काढला आणि लपवला. गोळ्यांच्या पाकिटाचा आवाज भावाला दुसऱ्या खोलीतूनही ऐकू यायचा, म्हणून तिने एकेक गोळी पाकिटाच्या चंदेरी कागदातून सोडवून जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंधीत बांधली. मग ती पुरचुंडी घरभर फिरायला लागली. आज देव्हाऱ्यामागे, उद्या लोणच्याच्या बरणीखाली, परवा उशीच्या कापसात. भाऊ काही मागायचा नाही, कारण मागितलं असतं तर कबूल केल्यासारखं झालं असतं. तो नुसता म्हणायचा, "घर जरा साफ करतो." आणि फौजी माणूस साफसफाई करतो म्हणजे काय करतो! माळा झाला, कणग्या हलल्या, कौलं निघाली, देव घासून निघाले. वडिलांचा हरवलेला अडकित्ता सापडला, माझे लहानपणचे पैंजण सापडले, मायच्या लग्नातला आरसा सापडला. गोळ्या सोडून आमच्या घरात हरवलेलं सगळं सापडलं. नव्या गोळ्या लगेच मिळण्यासारख्या नव्हत्या, म्हणून खिशात उरलेल्या एका पाकिटावर तो अर्धी-अर्धी गोळी मोडत दिवस काढत होता आणि दर दिवशी जास्त चिडका होत होता. शेजारीण मला म्हणाली, "तुह्या भावाले आमच्या घरी पाठव ना व एक दिवस. काय घर ठेवते!"

शेवटी असं झालं की माय स्वतःच विसरली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि जागा बदलून बदलून डोक्याचा भुगा झालेला. मी विचारलं, "माय, पुरचुंडी कुठंय?" तर म्हणाली, "मले ठाव नाई, मग त्याले कशी सापडन?" आणि समाधानाने पाय पसरून बसली.

इतक्यात पोळा आला. आमच्याकडे पोळ्याचा तोरणाचा मान मोठा. पाराजवळ आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, सगळ्या गावच्या बैलजोड्या त्याखाली उभ्या राहतात आणि मानाची जोडी पुढे असते. ढोल वाजतात, झडत्या होतात, मग तोरण तुटतं आणि जोड्या आपापल्या घरी पूजेला जातात. झडती म्हणजे चार ओळींची चेष्टा. त्या दिवशी तोरणाखाली कोणी कोणाचीही झडती म्हणावी, आणि ज्याची म्हटली त्याने रागवायचं नाही, असा गावचा कायदा आहे. त्या वर्षी गावाने मान आमच्या जोडीला दिला. मिलिटरीवाला पुढे पायजे, म्हणाले. भावाचा चेहरा पाहून मला कळलं की त्याला ढोलाची धास्ती आहे. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

आदल्या संध्याकाळी त्याने बैलांचे खांदे शेकले, हळद आणि लोणी चोळलं आणि रीतीप्रमाणे त्यांच्या कानात म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तेवढा वेळ त्याचे हात थरथरत नव्हते. बैलांशी तो बरा बोलायचा. ते त्याला तब्येतीचं विचारत नसत.

पोळ्याच्या दिवशी मायने बैलांसाठी ठोंबरा शिजवला. भरडलेली नव्हे, अख्खी ज्वारी घातलेला, वर गूळ. सणासाठी म्हणून पांढरीशुभ्र ज्वारी तिने मडक्यात वेगळी ठेवली होती. आमचा डावा बैल खादाड. उजव्याला ढुसणी मारून त्याने घमेलं पुसून काढलं. मग झूल घातली, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा, आणि भाऊ पांढरा सदरा घालून जोडी घेऊन निघाला. मी मागोमाग गेले. माझं लक्ष बैलांकडे नव्हतंच, त्याच्या मानेवरच्या घामाकडे होतं.

तोरणाखाली जोडी उभी राहिली. ढोल सुरू झाले. पहिल्या थापेला भावाने कासरा इतका घट्ट धरला की बोटं पांढरी झाली. आता हा पळतो की मामावर झेप घेतो, ह्या विचाराने मी पदर खोचून तयार राहिले. मामाही शहाणा, तो आधीच चार माणसं सोडून उभा होता. आणि तेवढ्यात डाव्या बैलाने डोळे मिटले, पुढचे पाय दुमडले आणि झुलीसकट खाली बसला. मान टाकली, जीभ बाहेर काढली आणि सरळ घोरायला लागला. ढोल एकेक करून थांबले.

मग गावाची अक्कल उघडी पडली. एक म्हणाला, दृष्ट लागली. दुसरा म्हणाला, पान लागलं, साप पाहा. तिसरा म्हणाला, युरिया खाल्ला. एक म्हातारी म्हणाली, मिलिटरीच्या बैलाले गोळी लागली का काय! उजवा बैल मात्र हलेना. लोक त्याला बाजूला ओढायला गेले तर मान खाली घालून त्या निजलेल्याच्या अंगाला अंग लावून उभा राहिला. भाऊ त्या दोघांकडे पाहत होता. लोकांना म्हणाला, "राहू द्या त्याले. जोडीदार पडला हाये त्याचा." त्याचा आवाज ऐकून मी दुसरीकडे पाहिलं.

गुरांचा डॉक्टर गावातच जेवायला आलेला. तेलुगू पोरगा, नवीन नोकरी, पुरणाचे हात न धुता धावत आला. "एमैंदी? क्या हुआ? क्या खिलाया अम्मा?" पोट चाचपलं, डोळे उघडून पाहिले आणि म्हणाला, गॅस दिसतोय, पोटात सुई घालावी लागेल. त्याच्या बॅगेतून निघाली ती सुई नव्हती, तो सळईचा तुकडाच होता. ती टोचण्याआधी त्याने मला पिटाळलं, खाल्लेलं काही उरलं असेल तर घेऊन ये म्हणून. मी घरी धावले, घमेलं उचललं, ठोंबऱ्याचं पातेलंही उचललं. पातेल्याच्या तळाशी हिरवी चिंधी होती. गाठ सुटलेली आणि रिकामी.

पाराशी आले. डॉक्टरने चिंधी चिमटीत धरून वर केली. मायने ती ओळखली. पांढऱ्या ज्वारीत पांढऱ्या गोळ्या, आणि मायचे ते डोळे. तिने सणाची म्हणून जपलेल्या मडक्यात पुरचुंडी खोचली होती आणि आपल्याच हातांनी शिजवून वाढली होती.

"ये क्या था अम्मा?" डॉक्टरने विचारलं.

मायने एकदा भावाकडे पाहिलं, एकदा साऱ्या गावाकडे. आणि ठाम म्हणाली, "माह्या गुडघ्याच्या गोळ्या."

"घुटने की?" डॉक्टरने मान हलवली. गुडघ्याच्या गोळीने बैल असा झोपत नाही, म्हणजे गॅसच आहे, असं त्याने ठरवलं आणि ती सळई उचलली. माझ्या जिभेवर आलं होतं. देवाशपथ, मी बोलणारच होते. पण मायने माझा हात असा दाबला की बांगडी फुटली. तिला बैल मेला तरी चालणार होता, पोराची इज्जत जायला नको होती. डॉक्टर बैलाच्या कुशीवर बोटाने जागा शोधायला लागला.

"थांबा," भाऊ म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. तो बैलाकडे पाहत बोलला, लोकांकडे पाहणं त्याला झेपत नव्हतं. "त्या गुडघ्याच्या नाईत. माह्या हायेत. झोपेच्या अन् दुखन्याच्या. मी रोज खातो. मले त्याच्याबिगर रायता येत नाई." मग खिशातलं शेवटचं पाकीट काढून डॉक्टरच्या हातात दिलं. "ह्याच हायेत त्या. त्याले सुई नोका टोचू. त्याले गॅस नाई झाला, त्याले ते झालं जे मले रोज होते."

माय पदरात तोंड घालून रडत होती. मला तर इतकं बरं वाटलं की मीही रडायला लागले, आणि रडताना मामाच्या खांद्यावर डोकं ठेवलं, जे एरवी बरं दिसलं नसतं.

डॉक्टरने पाकीट वाचलं, फोनवर कोणाशी तरी तेलुगूत भराभर बोलला, सळई बॅगेत टाकली आणि इंजेक्शन काढलं. म्हणाला, ह्याला आडवा पडू देऊ नका, कुटाराची, म्हणजे भुशाची पोती लावून बसता ठेवा. आणि गाढ झोपू देऊ नका. आवाज करा, हाका मारत राहा.

हाका मारत राहा, हे त्याने सहज म्हटलं. भाऊ खाली बसला, बैलाचं डोकं मांडीवर घेतलं आणि ढोलवाल्यांना म्हणाला, "वाजवा."

त्यांनी हळू वाजवलं. "जोऱ्यानं वाजवा बे!" तो ओरडला. आणि त्यांनी वाजवलं. हातभर अंतरावर ढोल, आणि मधे माझा भाऊ घामाने निथळतोय, दर थापेला अंग उडतंय, दात आवळलेले, आणि बैलाच्या कानात हाका मारतोय. "उठ राजा. उठ बाप्पा. मी हाये इथंच." तो जागचा हलला नाही. ऊन कलेपर्यंत नाही. ढोलवाले पाळीपाळीने वाजवून दमले, पोरींनी थाळ्या आणल्या, मामाने तर पितळी परात बडवून तिला कायमचा पोचा पाडला. आमच्या गावाला गोंगाट करायला सांगणं म्हणजे काय, ते डॉक्टरला त्या दिवशी समजलं. कानात बोटं घालून तो पुरणपोळी खायला परत गेला.

दिवे लागायच्या सुमारास बैलाने कान हलवला. मग डोळे उघडले. मग एवढं मोठं शेण टाकलं भावाच्या पांढऱ्या सदऱ्याच्या कडेला, आणि धडपडत उभा राहिला. कोणीतरी तोरणाला हात घातला तर मामा ओरडला, "थांबा बे, झडती राह्यली!" मामाने भावाकडे रोखून पाहिलं आणि हात वर केला.

"मायनं ज्वारीत लपवली गोळी,
बैलाले वाटली पुरनपोळी,
बैल निजला तोरनाखाली,
अन् गावाची झोप उडून गेली!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

सगळं गाव भावाकडे बघत होतं. हसावं की नाही ते कोणाला कळेना. आणि भाऊ हसला. आधी नाकातून, मग पोट धरून, शेणात बसून. तो घरी आल्यापासून मी त्याला हसताना पाहिलंच नव्हतं, त्याचा एक दात पडलाय हेही मला तेव्हाच कळलं. मग गाव हसलं, आणि तोरण तुटलं. माझ्या मते ट्रॅक्टरवरून तो उतरला तो त्या घटकेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिशवी भरून अंगणात उभा राहिला. "अक्का, चाल. त्या डॉक्टरीणबाईले सांगाचं हाये मले." माय घरातून वाटी घेऊन आली. खांदशेकणीचं उरलेलं हळद-लोणी. तिने त्याचा सदरा मानेपाशी खाली ओढला आणि दोन्ही खांद्यांना चोळायला लागली.

"काय करून राह्यली व माय? मी बैल हाओ का?"

"बैल शहाना. एका दिवसात उठला." ती चोळत राहिली. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आज आवतन घे. बरा होऊन जेवाले ये." अंगभर हळद लावून गेलेला पेशंट पाहून दवाखान्यातल्या नर्सने मला विचारलं, लग्न कधी आहे?

पुढचं सगळं सरळ झालं असं नाही. मधेच एकदा तो दवाखान्यातून पळून आला. मी त्याला घराच्या पायरीवरही चढू दिलं नाही, त्याच ऑटोत बसवून परत नेलं आणि आदिलाबाद येईपर्यंत अशी बोलत होते की ऑटोवाला भाडं न मागता निघून चालला होता. भाऊ नुसता रस्त्याकडे बघत होता. दवाखान्याच्या फाटकाशी उतरला आणि स्वतःच आत गेला. अजूनही फटाक्याला तो दचकतो, आणि अजूनही मामा चार माणसं सोडून उभा राहतो.

कापूस फुटला तेव्हाची गोष्ट. मी माहेरी मायसोबत मिरच्या निवडत बसले होते, भर दुपारी. दारात सावली पडली. वर पाहिलं तर भाऊ, अंगाने सुकलेला, डोळे मात्र जागे. कधी येणार ते त्याने कोणालाच कळवलं नव्हतं. पिशवी खाली ठेवली आणि मायकडे पाहून म्हणाला, "आवतन होतं ना? जेवाले आलो."

माय उठली, हाताच्या बांगड्यांवरच्या चिंध्या सोडून खुंटीला टांगल्या आणि पुरणाला डाळ टाकली. त्या दिवशी कुठलाच सण नव्हता.